तात्पुरती ओळ

रुग्णालयाच्या कॉम्प्युटर विभागात तिला सगळे जोडणीबाई म्हणत. तोंडावर मॅडम, पाठीमागे जोडणीबाई, आणि हे तिलाही ठाऊक होतं. वॉर्डातल्या पडद्यावर रक्ताचा रिपोर्ट दिसतो, औषधांच्या खिडकीवर चिठ्ठी आपोआप पोचते, एक्स-रेवाल्याला रुग्णाचं नाव पुन्हा टाइप करावं लागत नाही, या सगळ्यामागे एका बाजूला सॉफ्टवेअर असतं आणि दुसऱ्या बाजूला डेटाबेस, म्हणजे सगळ्या नोंदींचं कोठार. त्या दोघांची गाठ घालून द्यायची, हे तिचं काम. लग्न जुळवणाऱ्या बाईसारखीच ही नोकरी. जमलं तर कुणी नाव काढत नाही आणि बिनसलं की पहिला फोन तिलाच. बावीस वर्षं ती हे निमूटपणे करत आली होती.

गेले तीन महिने मात्र तिला बघितलं की लोक आवाज खाली आणत. तिचे बाबा गेले होते. ती लगेचच कामावर हजर झाली, तेव्हा "फार खंबीर आहेत हो" असं जो तो म्हणाला. खंबीर कसली डोंबलाची! तिला काही वाटतच नव्हतं. सकाळी उठायचं, बस पकडायची, ऑफिस, संध्याकाळी आईकडे तासभर, मग दोन गल्ल्या पलीकडे आपल्या खोलीवर. रडू येईल म्हणून तिने पहिला आठवडा वाट पाहिली, पुढे वाट पाहणंही सोडून दिलं. दातांच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर आपला गाल आपल्यालाच परका वाटतो, तसं तिचं सगळंच झालं होतं. आईला यातलं काही तिने सांगितलं नव्हतं, आणि आईने विचारलंही नव्हतं.

त्या आठवड्यात निवडीचं काम होतं. डेटाबेसशी बोलायची जुनी पद्धत आता मोडकळीला आली होती आणि यापुढे रुग्णालयातली सगळी सॉफ्टवेअरं कोणत्या तंत्राने बोलणार, ते गुरुवारी समितीपुढे सांगायचं होतं. समितीत सहा माणसं. "बाई म्हणतील तसं" हे त्यांनी आधीच ठरवून टाकलेलं, कारण त्या सहांपैकी कुणालाच त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

मार्ग तीन होते. पहिला, आहे तोच ड्रायव्हर ठेवायचा, फक्त त्याची नवी आवृत्ती घ्यायची. ड्रायव्हर म्हणजे सॉफ्टवेअर आणि डेटाबेस यांच्यामधला दुभाषा. त्याला काय विचारायचं ते मात्र माणसाने हाताने लिहून द्यायचं, त्याला क्वेरी म्हणतात. अशा चौदाशेवर क्वेरी जोडणीबाईने आपल्या हाताने लिहिल्या होत्या. दुसरा मार्ग ओआरएम नावाच्या नव्या थराचा. प्रोग्रामरने नुसतं "या रुग्णाचे रिपोर्ट दे" म्हणायचं, क्वेरी तो थर स्वतः तयार करतो. तिसरा मार्ग म्हणजे सगळी अक्कल डेटाबेसच्याच पोटात भरून ठेवायची. तो डेटाबेस विकणाऱ्या कंपनीच्या माणसाने सुचवला होता आणि त्यात कंपनीचं कल्याण सोडून दुसरं काही नव्हतं, म्हणून तो पहिल्याच बैठकीत निकालात निघाला.

ओआरएमचा कैवारी होता दाढी. दाढी म्हणजे तिच्या हाताखालचा प्रोग्रामर, पस्तिशीचा, दोन मुलांचा बाप, आणि नावाप्रमाणे दाढी. नव्या तंत्राबद्दल तो बोलायला लागला की समोरच्याचा चहा गार व्हायचा. पण माणूस सरळ होता आणि कामाला वाघ. बाईंचा शब्द त्याला प्रमाण, त्यामुळे वाद घालतानाही तो आधी "मॅडम, तुमचंच बरोबर असेल, पण" असं म्हणायचा.

मंगळवारी सकाळी दोघांनी चाचणी लावली. लॅबच्या गेल्या पाच वर्षांच्या रिपोर्टांची एक प्रत घेतली, तीवर आधी जुन्या पद्धतीने वाचन केलं, मग नव्या पद्धतीने. दोन्हीकडचे आकडे जुळले पाहिजेत, हा या धंद्यातला साधा नियम. जुन्या ड्रायव्हरने दोन लाख सहा हजार चारशे अकरा रिपोर्ट आणले. ओआरएमने दोन लाख सहा हजार पाचशे तेवीस.

"एकशे बारा जास्त," दाढी म्हणाला. त्याचं तोंड एवढंसं झालं. "डुप्लिकेट आणतोय की काय हा?"

"बघ तरी."

अर्ध्या तासाने त्याला छडा लागला. "डुप्लिकेट नाहीत, मॅडम. या सगळ्यांमध्ये मंजुरीच्या तारखेची जागा कोरी आहे. आपली जुनी क्वेरी कोऱ्या तारखेचे रिपोर्ट गाळते. मग मीही गाळतो. एक ओळ टाकली की आकडे जुळतील. तात्पुरतं टाकून ठेवतो, मागाहून बघू."

"थांब," ती म्हणाली.

तिने जुना कोड उघडला. लॅबचे रिपोर्ट आणणारी क्वेरी तिच्या नजरेखालून अनेकदा गेली होती, पण घरातली जुनी खुंटी जशी आपण बघत नाही तशी तिने ती ओळ कधी बघितलीच नव्हती. तारीख कोरी असेल तर रिपोर्ट सोडून देणे. वर टीप: "तात्पुरतं. लॅबशी बोलून नीट करायचं." टिपेखाली तिचीच आद्याक्षरं, आणि नऊ वर्षांपूर्वीची तारीख.

मग तिला आठवलं. तो सोमवार होता. एकामागून एक वॉर्डांतले पडदे बंद पडायला लागले होते. फोन तर असे, की रिसीव्हर खाली ठेवायची सोय नाही. लॅबमध्ये कुणीतरी सरावासाठी दोन रिपोर्ट भरले होते आणि त्यांत तारीख टाकायची राहून गेली होती. जुन्या ड्रायव्हरला कोरी तारीख गिळता येत नसे. ती दिसली की तो स्वतःही मरायचा आणि पडद्यालाही घेऊन मरायचा. जोडणीबाईने ही ओळ टाकली, दहा मिनिटांत पडदे उजळले, साहेबांनी पाठ थोपटली. लॅबशी बोलायचं भिजत घोंगडं तसंच राहिलं. या धंद्यात तात्पुरतं म्हणून लिहिलेलं जेवढं टिकतं तेवढं दुसरं काही टिकत नाही, आणि त्याची कुणाला लाजही वाटत नाही.

पण दोन रिपोर्टांचे एकशे बारा कसे झाले? ती जिना उतरून लॅबमध्ये गेली. तिथली टेक्निशियन काचपट्ट्यांना चिकटपट्ट्या लावत बसली होती.

"मंजुरीची तारीख कोरी असलेले रिपोर्ट म्हणजे कसले गं?"

"ते पुरवणी रिपोर्ट. चार वर्षं झाली की सुरू करून. बायोप्सीच्या काचा दुसरे डॉक्टर पुन्हा बघतात ना, त्यांचं मत. त्याची तारीख वेगळ्या रकान्यात पडते, म्हणून ही कोरी."

"आणि वॉर्डात कसं कळतं?"

"पडद्यावर दिसतं की!" टेक्निशियन हसली. "कागद तर तुम्हीच बंद केलेत."

"हो, दिसतं," जोडणीबाई म्हणाली आणि जिना चढून वर आली.

चार वर्षं लॅबवाल्यांना वाटत होतं की रिपोर्ट पोचतायत. वॉर्डवाल्यांना वाटत होतं की पुरवणी आलीच नाही, म्हणजे पहिलंच मत कायम. दोघांच्या मधे तिची ओळ बसलेली. तिने ते एकशे बारा रिपोर्ट एकेक करून वाचले. त्र्याण्णवांत लिहिलं होतं, "बदल नाही." एकोणीस रिपोर्टांत बदल होता. एकाहत्तराव्या ओळीतला रुग्ण क्रमांक तिला पाठ होता. तो तिने कितीतरी फॉर्मांवर स्वतःच्या हाताने लिहिला होता.

तिथे लिहिलं होतं: "पहिल्या पाहणीत निसटलेला भाग आढळला. पेशी कर्करोगाच्या. पुढील तपासणी तातडीने करावी." पहिल्या रिपोर्टनंतर बरोब्बर अकरा दिवसांनी आलेलं हे मत.

पहिला रिपोर्ट तर तिने स्वतःच बघितला होता. नोकरी इथलीच, पडदा हाताशी, मग बाबांना चार दिवस ताटकळत कशाला ठेवायचं? "बाबा, अगदी स्वच्छ आहे. मी स्वतः पाहिलाय," असं तिने त्यांना फोनवर सांगितलं होतं. बाबांचा जीव भांड्यात पडला. त्याच दुपारी ते जाऊन चालायचे बूट घेऊन आले आणि दुकानदाराला म्हणाले, वीस वर्षं टिकतील असे दे. पुढे वर्षभरात दुखणं असं काही उफाळलं, की दुसऱ्या तपासणीत डॉक्टरांना नुसतं फिल्म बघूनच कळलं. तोपर्यंत सगळंच हाताबाहेर गेलं होतं.

तिने फाइल बंद केली. ती कँटीनमध्ये गेली, रांगेत उभी राहिली, ताट घेतलं आणि ते सगळं संपवलं. शेजारी बसलेल्या नर्सने लेकीच्या परीक्षेचं काहीबाही सांगितलं, त्यावर ती योग्य तिथे हसलीसुद्धा. चहा फार उकळलाय एवढं तिच्या लक्षात आलं. मग ती वर येऊन पुन्हा खुर्चीत बसली.

संध्याकाळी ती नेहमीसारखी आईकडे गेली. आईने इस्त्रीचे कपडे पलंगावर पसरले होते. त्यात बाबांचे दोन शर्ट अजून होते, आणि त्याबद्दल दोघीही काही बोलत नसत. आईचं बोलणं फिरून फिरून त्याच जागी यायचं, तसं आजही आलं.

"ते म्हणाले होते मला," आई शर्टाची कॉलर सारखी करत म्हणाली. "वजन उतरतंय गं, परत एकदा दाखवून येऊ का, म्हणाले. मीच म्हटलं, रिपोर्ट चांगला आलाय, उगाच कशाला सुया टोचून घेताय? वय झालं की उतरतंच थोडं. मी अडवलं त्यांना."

"आई, तुझं काही चुकलं नाही."

"तू म्हणशीलच. लेक आहेस."

रोजचा संवाद होता हा, शब्दही तेच. फरक एवढाच, की आज लेकीला ठाऊक होतं आईचं का चुकलं नाही ते. सांगायला हवं होतं. एका वाक्यात सांगता आलं असतं. ती उठली, पाण्याचा ग्लास विसळून पालथा घातला आणि "उद्या येते" म्हणून निघाली. जोडणीबाईची बाजू घ्यायची झाली तरी या संध्याकाळबद्दल ती घेता येत नाही.

बुधवारी सकाळी साहेब तिच्या टेबलाशी आले. साहेब म्हणजे विभागप्रमुख. पासवर्ड विसरला की त्यांना घाम फुटायचा, पण वरच्यांची मर्जी सांभाळण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता.

"बाई, काय ठरवलंत? माझं ऐकाल तर जुनाच ड्रायव्हर घ्या, नवी आवृत्ती. वॉर्डात काही बदललेलं दिसता कामा नये. आज जे दिसतंय तेच उद्या दिसलं पाहिजे. नसती डोकेदुखी नको."

साहेबांना एकशे बारांची काहीच कल्पना नव्हती. पण त्यांनी नकळत जे सांगितलं ते अगदी खरं होतं. जुना ड्रायव्हर ठेवला की क्वेरी त्याच राहणार, म्हणजे ती ओळही तिथेच. आकडे जुळत राहतील, समिती मान डोलावेल, आणि एकशे बारा रिपोर्ट जिथे आहेत तिथेच पडून राहतील. ओआरएम घेतला तर ती ओळ कुणाला तरी मुद्दाम नव्याने लिहावी लागणार, आणि नाही लिहिली तर पहिल्याच दिवशी ते सगळे डॉक्टरांच्या पडद्यावर उभे राहणार आणि प्रत्येकजण विचारणार, हे इतके दिवस होते कुठे? आईसुद्धा विचारणार.

तिने शिफारस टाइप करायला घेतली. पहिला मार्ग. कारणं: क्वेरी वर्षानुवर्षं तपासलेल्या आहेत, कर्मचाऱ्यांना सवय आहे, बदलाचा धोका कमी. एकही कारण खोटं नव्हतं. दाढीने मधेच डोकं घालून विचारलं, "मॅडम, त्या एकशे बारांचं काय निघालं?"

"सरावाच्या नोंदी आहेत," ती म्हणाली.

"तरीच," दाढी म्हणाला आणि गेला. त्याला शंका यायचं काही कारणच नव्हतं. मॅडम म्हणाल्या म्हणजे झालं.

मग तिने ते एकोणीस पुन्हा उघडले. का उघडले ते तिलाही सांगता आलं नसतं. शिफारशीखाली सही करायच्या आधी बघावंसं वाटलं, इतकंच. प्रत्येकाचा क्रमांक टाकून ती बघत गेली, आज हा माणूस कुठे आहे. सहा जण मृत. तेरा हयात. त्या तेरांतला शेवटचा रिपोर्ट एकोणीस दिवसांपूर्वीचा होता. चौतीस वर्षांची बाई. तिच्या केसपेपरवर वॉर्डातल्या डॉक्टरने गेल्या आठवड्यात लिहिलं होतं: "रिपोर्ट स्वच्छ. फोन करून कळवले. सहा महिन्यांनी येणे."

ते वाक्य तिने दोनदा वाचलं. तेव्हाही तिला रडू आलं नाही की अंगावर काटा आला नाही. पण हात मात्र उठले. तिने एकोणीस रिपोर्ट छापायला टाकले आणि कागद गरम आहेत तोवरच ते घेऊन लॅबच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेली.

"हे पुरवणी रिपोर्ट वॉर्डात कधीच दिसले नाहीत," ती उभ्या उभ्याच म्हणाली. "चार वर्षं. मी कोऱ्या तारखा गाळायची एक ओळ लिहिली होती, तिच्यात हे सगळे गळले. तेरा जण अजून जिवंत आहेत. हिला आधी फोन करा."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला, परत घातला. "आम्ही तर पाठवत होतो," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज लहान झाला होता. "कधी कळलं तुम्हाला हे?"

"काल सकाळी."

"काल?"

"हो."

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे एकदा नीट बघितलं. ओरडायला त्यांना वेळ नव्हता. त्यांनी फोन उचलला आणि संध्याकाळपर्यंत तेराही जणांना बोलावणं गेलं. चौतीस वर्षांची ती बाई नवऱ्याबरोबर पाच वाजताच येऊन बाकावर बसली होती. जोडणीबाईने तिला जिन्याच्या कठड्यावरून पाहिलं. बाई पर्समधून डबा काढून नवऱ्याला दाखवत होती की दुपारचं जेवण तसंच राहिलंय. जोडणीबाई त्या संध्याकाळी आईकडे गेली, तासभर बसली आणि काही न बोलता परत आली.

गुरुवारी समिती बसली तेव्हा बातमी आधीच पोचलेली होती. शिफारस तिने बदलली होती. ओआरएम घ्या, ती म्हणाली, आणि त्याचं कारण सांगितलं. तो काही देवदूत नाही, त्याच्याही खोडी आहेत, तोही कधीतरी दगा देईल. पण पहिला मार्ग घेतला तर माझ्या चौदाशे क्वेरी तशाच्या तशा पुढे जातील, आणि त्यांत अशा आणखी किती ओळी आहेत ते मला आज सांगता येणार नाही. दुसऱ्या मार्गाने प्रत्येक क्वेरी बाजूला काढून आकडे ताडून बघावे लागतील. नवा ड्रायव्हर घेऊन जुनी चूक सांभाळत बसण्यापेक्षा ते बरं. तिचा आवाज सपाट होता. दाढी कोपऱ्यात खाली मान घालून बसला होता. सरावाच्या नोंदी हे शब्द त्याच्या डोक्यात घुमत असणार, पण तो बोलला नाही, आणि तिनेही त्याची माफी नंतर, एकटा सापडल्यावर मागितली.

प्रश्न उरला सहा जणांचा.

"तेरा जणांचं समजू शकतो," साहेब म्हणाले. "पण जे गेलेतच, त्यांच्या घरी आता कळवून काय मिळणार? उगाच जखमेवर मीठ. चार दिवसांनी लोक विसरतात."

"नाही विसरत," ती म्हणाली. "त्या घरांत कुणीतरी असेल जे रोज म्हणत असेल, माझ्यामुळे गेले. मी वेळेवर नेलं नाही, मी अडवलं. त्यांना कळायला पाहिजे. फोन मी करते. ओळ माझी आहे."

साहेबांनी कागद पुढे ओढला आणि सहा नावांवरून बोट फिरवलं. बोट मधेच थांबलं. आडनाव त्यांना ओळखीचं होतं. शोकसभेत तेच तर दोन शब्द बोलले होते.

"बाई, हे चौथे..."

"हो."

"तिथेही तुम्हीच फोन करणार?"

"यादीत आहेत म्हणजे मीच," ती म्हणाली. साहेबांनी कागद तिच्याकडे परत सरकवला.

त्या संध्याकाळीही ती आईकडे गेली आणि तोंडाशी आलेलं परत गिळून आली. पण यावेळी तिने मनाशी एक गोष्ट पक्की केली होती. घरात बसून सांगितलं तर आई म्हणणार, माझी समजूत घालायला रचून सांगतेयस. लेकीच्या शब्दाला त्या घरात तीन महिने किंमत उरली नव्हती. आईला रुग्णालयाचा शब्द हवा होता. तो रुग्णालयातूनच, बाकीच्यांच्या रांगेतूनच गेला पाहिजे.

शुक्रवारी सकाळी दहा वाजता तिने दार लावून घेतलं. समोर सहा नावं, सहा नंबर आणि रुग्णालयाच्या वकिलाने लिहून दिलेला कागद. पहिला नंबर बंद होता. दुसरीकडे मुलगा भेटला. तो तिला वाटेल ते बोलला, तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, आणि तिने शेवटपर्यंत रिसीव्हर कानाला धरून ठेवला. तिसरीकडे एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि "कळवलंत, आभारी आहे" म्हणाले. त्या आभारांपेक्षा शिव्या सोप्या होत्या. मग तिने चौथा नंबर फिरवला. हा नंबर तिने लहानपणी शाळेच्या दप्तरावर लिहिला होता.

"नमस्कार. मी रुग्णालयाच्या कॉम्प्युटर विभागातून बोलते आहे."

"अगं, काय झालं?" आई म्हणाली. "अशी परक्यासारखी काय बोलतेस?"

"आई, मी कागद वाचतेय. पूर्ण ऐकून घे, मधे बोलू नकोस."

तिने वाचलं. रुग्णाचं नाव, क्रमांक, तपासणीची तारीख, पुरवणी अहवालाची तारीख, त्यातला मजकूर. एकही शब्द न गाळता वाचलं. पलीकडे नळ चालू होता, तो आईने मधेच बंद केला.

"म्हणजे रिपोर्ट चांगला नव्हता?"

"पहिला चांगला होता. अकरा दिवसांनी दुसरा आला. तो कुणालाच दिसला नाही."

"ते मला म्हणाले होते, परत दाखवू का..."

"तेव्हा तो येऊन पाच महिने झाले होते, आई. दिसला असता तर त्यांना विचारावंच लागलं नसतं. डॉक्टरांनीच बोलावून घेतलं असतं."

"मी रिपोर्टवर विसंबून म्हटलं होतं गं. चांगला आलाय, असं तूच सांगितलंस म्हणून."

"हो. तो अर्धाच होता."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग आई म्हणाली, "मग मी अडवलं म्हणून नाही."

"नाही. तुझ्यामुळे नाही."

यावेळी आई लेक वगैरे काही म्हणाली नाही. ती रडायला लागली. तीन महिने ती टिपं पुसून पुसून बोलत होती, आता मात्र मोकळी, मोठ्याने, लहान मूल रडतं तशी रडली. जोडणीबाई ऐकत राहिली. तिला जे तीन महिने देता आलं नव्हतं ते आईला मिळालं होतं, आणि त्याची किंमत काय ते आता कळणार होतं.

"कुणामुळे मग?" आईने नाक पुसत विचारलं.

कागदावर लिहिलं होतं, "सॉफ्टवेअरमधील त्रुटीमुळे." तिने तो कागद पालथा घातला.

"माझ्यामुळे. नऊ वर्षांपूर्वी मी एक ओळ लिहिली होती. तात्पुरती म्हणून. ती काढायची मी विसरले. तिच्यामुळे तो रिपोर्ट दिसला नाही."

"तुला कधी कळलं?"

"मंगळवारी."

"मंगळवारी तू इथे आली होतीस," आई म्हणाली. "बुधवारी आलीस. कालही आलीस."

"हो."

"मी तुझ्यासमोर बसून म्हणत होते, मी अडवलं त्यांना. तू ऐकत होतीस."

"हो, आई."

मग आई अगदी शांत आवाजात म्हणाली, "आज येऊ नकोस."

"बरं."

"उद्याही नको. मी करीन फोन." आणि तिने रिसीव्हर ठेवला.

जोडणीबाईने आपलाही ठेवला. छातीत, गळ्यात, डोळ्यांमागे, सगळीकडे एकदम दुखायला लागलं. इतकं, की तिला टेबलाची कड धरावी लागली. बाबा गेले होते. तीन महिन्यांनी ते तिला आज कळलं, आणि सोबतीसाठी आईकडेही जायचं नव्हतं. मग डोळे पुसून कागद जवळ ओढला, कारण यादीत अजून दोन नंबर होते, आणि तिने पाचवा फिरवला.